गावपळणीतला चौथा दिवस

काल सकाळी बाबांनी माळ्यावरून मोठा टोप खाली काढला. तीन वर्षांची कोळिष्टकं, आत पालीची दोन रिकामी अंडी आणि बुडाला मागच्या खेपेची काजळी. चिंच आणि राख घेऊन ते अंगणात बसले. टोप घासल्याचा खसखस आवाज कानावर पडला आणि मला एकदम उमगलं की भात घरात आलं, कुळीथ पेरून झाले, सकाळी केळीच्या पानांवरून दव टपटपायला लागलं, म्हणजे आता पळण आलीच. मी घाईघाईने लॅपटॉप उघडला आणि कंपनीच्या रजेच्या पानावर गेले. ‘पासून’च्या चौकटीत तारीख टाकली. ‘पर्यंत’शी येऊन अडले. ती चौकट रिकामी ठेवून पुढे जायला बघावं तर लाल अक्षरं उमटतात, ही माहिती आवश्यक आहे. आवश्यक आहे हे मलाही कळतं, पण ती माहिती अजून खुद्द देवानेच ठरवलेली नाही, हे त्या लाल अक्षरांना कोण सांगणार?

ज्यांना आमच्याकडची गावपळण ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. दर तिसऱ्या वर्षी, भाताची कामं उरकली की, ग्रामदेवाचा कौल घेऊन आमचं अख्खं गाव गाव सोडून जातं. अख्खं म्हणजे अख्खं. गाईगुरं, शेळ्या, डालग्यात कोंबड्या, पिशवीत मांजर, खाटेवर आजारी माणूस. शिवेपलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा आहे, तिथे पाण्याच्या आणि झाडांच्या आधाराने माडाच्या झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात. तीन दिवस गावात चूल नाही, दिवा नाही, माणूस नाही. त्या दिवसांत गावात देवाचा वावर असतो म्हणे. तीन रात्री झाल्या की सकाळी गुरव आणि मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल मागतात. पाषाणावर पाण्याने चिकटवलेली कळी उजवीकडची पडली की घरी चला. डावीकडची पडली की आणखी एक दिवस तिथेच. असा साधा कारभार आहे, फक्त कॅलेंडरात बसत नाही.

मागच्या खेपेची गोष्ट आहे. तेव्हा मी गावात नवीनच होते. म्हणजे जन्म इथलाच, पण मधली बारा वर्षं पुण्यात गेलेली. आई गेली, बाबा एकटे पडले, गुडघा धरून बसले आणि रोज भात करपवून खायला लागले, तेव्हा मी पंधरा दिवसांसाठी म्हणून आले. पंधराचे तीस झाले. मीनलने, म्हणजे माझ्या कामाच्या प्रमुख बाईने, तीन महिने गावातून काम करून बघ म्हणून वरून परवानगी मिळवून दिली. तीन महिन्यांनंतर एक मीटिंग आणि तिथे निकाल. जमलं तर राहा, नाहीतर पहिल्या तारखेला पुण्यात टेबलाशी हजर. मला राहायचं होतं. बाबांजवळ राहायचं होतं, आणि खरं सांगायचं तर खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याजवळही राहायचं होतं. सकाळी दार उघडलं की तो वारा आधी घरात यायचा आणि मग मी बाहेर जायचे.

काम काय करते, तर मी पोटापाण्यासाठी सल्ले लिहिते. ऑनलाइन काम करणाऱ्यांनी कसं बसावं, कसं उठावं, डोळे कधी मिटावेत, पाणी कधी प्यावं, फोन कुठे ठेवावा. ‘कामाची जागा आणि झोपायची जागा वेगळी ठेवा’ हे वाक्य मी खाटेवर लोळून लिहिलेलं आहे. ‘जेवताना पडद्याकडे बघू नका’ हे लिहिताना माझ्या डाव्या हातात घावन होतं. दर पन्नास मिनिटांनी उठून चार पावलं चाला, असं मीच लोकांना सांगितल्यामुळे माझ्या फोनवर दर पन्नास मिनिटांनी घंटा वाजायची आणि मी ती बंद करून पुढे लिहायचे. बाबा आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर. घंटा वाजली की काहीतरी हललं पाहिजे, असा त्यांचा समज. पहिले चार दिवस ते घंटा ऐकून दारात येऊन बघायचे. पाचव्या दिवशी यायचे बंद झाले.

शेजारच्या इंदूकाकींना तर माझं काम म्हणजे कोडंच होतं. ही पोरगी दिवसभर एकटीच बसते, मधूनच भिंतीकडे बघून हसते, मधूनच हात हलवून कुणाला तरी बाय-बाय करते, आणि संध्याकाळी म्हणते की दमले. माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो आणि तो हिरवा असला म्हणजे मी जागेवर आहे असं पुण्याला दिसतं, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी विचार करून विचारलं, तो पिवळा झाला तर काय होतं? काही होत नाही, पण होईल असं वाटत राहतं, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्या हातावर ओल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्या कोंबड्या हाकायला गेल्या. पण ठिपक्याचं त्यांच्या ध्यानात राहिलं. मी न्हाणीघरात असले आणि उशीर झाला की कुंपणापलीकडून हाक यायची, “गो बाय, तुझो ठिपको पिवळो झालो आसतलो.”

अशात पळण जाहीर झाली. शुक्रवारी दुपारी निघायचं, सोमवारी सकाळी कौल. आणि माझी निकालाची मीटिंग सोमवारी अकरा वाजता.

मी मीनलला काही सांगितलं नाही. आता त्याची लाज वाटते. देवाने सांगितलं म्हणून आमचं गाव रिकामं होतंय, हे वाक्य मला पुण्याच्या माणसासमोर उच्चारवेना. सल्ले लिहिणारीच्या अंगात हिशेबीपणा मुरलेला असतोच. मी ठरवलं, देवाला तीन दिवस, मला रविवारची विश्रांती, सोमवारी आठला घरी, नऊला आंघोळ, अकराला केस विंचरून पडद्यासमोर. शिवाय आमचं घर शिवेला लागून शेवटचं. व्हाळाकडच्या खिडकीत मी वाय-फाय पुढे ढकलणारी एक डबी बसवली आणि आमची झोपडी त्या खिडकीच्या अगदी समोर घालायला लावली. बाबांना सांगितलं, इथून सूर्योदय चांगला दिसतो. गुरुवारी तिथे उभं राहून तपासलं तर दोन कांड्या रेंज. देवाचं देवाला, कंपनीचं कंपनीला. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

शुक्रवारची ती निघण्याची दुपार मात्र मी जन्मात विसरणार नाही. ज्याच्या त्याच्या डोक्यावर काहीतरी. कुणाच्या शिलाई मशीन, कुणाच्या गादी, इंदूकाकींच्या कमरेवर अबोलीची कुंडी, कारण तीन दिवस तिला पाणी कोण घालणार? बैलांच्या गळ्यातल्या घंटा, शेळ्यांची बोंब, डालग्यांतून डोकावणारे लाल तुरे. बाबांच्या डोक्यावर हा टोप. दोन माणसांच्या संसाराला पन्नास माणसांचा टोप कशाला, असं मी विचारलं. लागलो तर आसांदे, एवढंच ते म्हणाले आणि दुखऱ्या गुडघ्याने टुकटुक चालत राहिले.

सगळं गाव व्हाळाकाठी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. ताज्या तोडलेल्या झावळांचा हिरवा वास, तीन दगडांच्या चुली, ओल्या लाकडाचा डोळ्यांत जाणारा धूर, कुळथाच्या पिठीला दिलेली लसणीची फोडणी. गावात ज्यांचं एकमेकांशी वर्षभर बोलणं नव्हतं त्यांच्या झोपड्या दोन हातांवर आलेल्या, त्यामुळे सरकून घ्या हो, एवढं तरी बोलावंच लागत होतं. मी झोपडीत शिरून हळूच फोन काढला. रेंज शून्य. बाहेर आले, हात उंच केला, दगडावर चढले. शून्य. बाबा चुलीत फुंकर घालत होते. त्यांनी माझी धडपड बघितली आणि सहज म्हणाले, “मेन स्विच बंद करून इलंय मी. दर पळणीक करतंय.”

गावात दिवा नको म्हटल्यावर, राउटरचा दिवाही दिवाच. सूर्योदय तेवढा खरंच चांगला दिसला.

शनिवारी माझे हात बिथरल्यासारखे झाले होते. सारखे खिशाकडे जायचे. पन्नास मिनिटांची घंटा वाजायची आणि ती बंद करायला मला उठून झोपडीत जावं लागायचं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी दर पन्नास मिनिटांनी चार पावलं चालत होते. दुपारपर्यंत फोन गादीखाली गेला. बायका ओहोटीला खाडीवर तिसऱ्या काढायला निघाल्या, मीही गेले. गुडघाभर पाणी, पायाखाली मऊ गार चिखल, बोटांना शिंपला लागला की टोपलीत. तिथे एका वेळी दुसरं काही करताच येत नाही, नाहीतर बोट कापतं. ‘एका वेळी एकच काम’ यावर मी तीन लेख लिहिले होते, त्यात चिखलाचा उल्लेख कुठेच नव्हता. रविवारी फुगड्या झाल्या. इंदूकाकी साठीच्या पुढच्या, पण माझे हात धरून अशा गरगरल्या की व्हाळ, झाडं, बैल सगळं एक झालं, आणि मी थांबा थांबा म्हणत हसत खाली बसले. मला खूप वर्षांनी इतकं हसू आलं होतं.

आणि सोमवार उजाडला. मी पहाटेच केस धुऊन, पिशवी भरून तयार. आठच्या सुमारास गुरव आणि मानकरी वाटेवर दिसले. सगळे उठून उभे राहिले. गुरव जवळ आले, त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, “डावो इलो. आजचो दिवस हंयच.”

गर्दीतून एक हलका आवाज उठला. मला वाटलं हळहळ आहे. तीन महिन्यांचं काम, बाबांचा करपलेला भात, खाडीचा वारा, सगळं अकराच्या त्या मीटिंगवर टांगलेलं आणि एक कळी चुकीच्या बाजूला पडली. मी कुणाला न सांगता शिवेकडे चालू लागले. शीव म्हणजे एक शेंदूर फासलेला दगड आणि त्याच्या पलीकडे आमचं अंगण, तीस पावलांवर. आत जायचं, मेन स्विच चढवायचा, अर्धा तास बोलायचं, स्विच पाडायचा आणि परत यायचं. बघायला गावात कोण होतं?

दगडाशी जाऊन मी थांबले. आमचं घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. तुळशीपुढची रांगोळी तशीच. विहिरीवरचा रहाट स्थिर. अंगणात एक भारद्वाज आपल्याच घरात असल्यासारखा सावकाश फिरत होता. एरवी मला बघून तो उडून गेला असता. त्या दिवशी त्याने एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा फिरायला लागला. मला पाऊल टाकवेना, आणि मागेही फिरवेना.

मागून बाबांच्या चपलांचा टुकटुक आवाज आला. ते काही न विचारता दगडाच्या अलीकडे बसले, गुडघा चोळला. मग मीच सगळं सांगितलं, मीटिंग, निकाल, पहिली तारीख. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःची एक गोष्ट सांगितली. एस.टी.त नवे असताना पळण आली. रजेचा अर्ज भरायचा होता. “मी ‘पासून’ लिवलंय आणि ‘पर्यंत’ कोरां ठेवलंय,” ते म्हणाले. “सायबान इचारल्यान, ह्यां काय? मी म्हटलंय, देव सोडीत तेव्हा येतलंय. हसलो तो. पण सही केल्यान.”

मीही त्यांच्याशेजारी बसले.

“तू त्या बाईक सांगलंस?”

मी मान हलवली. नाही.

“मगे आधी तिका सांग. आत जावचां की नाय, तां मागसून बघ.”

व्हाळाच्या वर सडा आहे, काळ्या कातळाचा, उघडाबोडका. तिथे एका जागी रेंज येते, हे सगळ्यांना माहीत. मी धावतच चढले. फोनमध्ये चार टक्के. दहा वाजून गेले होते. मीनलने फोन उचलला आणि मी धापा टाकत एका दमात सगळं सांगितलं. गाव, देव, कळी, डावी बाजू, मेन स्विच. मग तिने विचारलं, “अख्खं गाव? कोंबड्यासुद्धा?”

“कोंबड्यासुद्धा.”

“आणि परत कधी?”

“देव सोडेल तेव्हा,” मी म्हटलं, आणि हे वाक्य पुण्याच्या माणसासमोर किती सहज निघालं याचं मलाच नवल वाटलं. मी पुढे, मी तुला आधी सांगायला हवं होतं, असं म्हणत होते तेव्हा फोन कधीच बंद पडलेला होता. तिने ते ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी कातळावर उभी राहिले. एका बाजूला लांब समुद्राची रेघ, दुसऱ्या बाजूला खाली रिकामं गाव आणि त्याच्या अलीकडे धूर सोडणाऱ्या झोपड्या. आता करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. मला वाटलं होतं रडू येईल. त्याऐवजी भूक लागली.

खाली आले तर बाबांनी टोप चुलीवर चढवलेला. तेव्हा मला त्या टोपाचा अर्थ कळला. तीन दिवसांचा शिधा सगळ्यांनी मोजून आणलेला असतो. चौथ्या दिवशी कुणाकडेच पुरतं काही नसतं, म्हणून सगळ्यांचं उरलंसुरलं एकत्र येतं. कुणाचे दोन पेले तांदूळ, कुणाची मूठभर सुकट, कुणाचा अर्धा नारळ, कुणाची चार वांगी, इंदूकाकींकडची शेवटची सोलं. सगळं त्या एका टोपात. सकाळचा तो हलका आवाज हळहळीचा नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. पहिले तीन दिवस ठरलेले असतात, त्यांत रांधणं, राखण, गुरांना पाणी पाजणं यांचं वेळापत्रक असतं. चौथ्याचं कुणी काही ठरवलेलंच नसतं. त्या दिवशी म्हातारे व्हाळात डुंबले. बायकांनी दुपारी उन्हात केस सोडून गाणी म्हटली. बोलणं नसलेल्या त्या दोन घरांतले भाऊ टोपाशी शेजारी बसून एकाच पळीने वाढत होते, आणि एकाने दुसऱ्याला अजून घे म्हटलं. मी पानावर तो खिमट भात घेतला. त्याला धुराचा, सुकटीचा, आमसुलाचा आणि शेजारपाजारच्या वीस घरांचा वास होता. मी तीनदा मागून घेतला. नोकरी राहिली का गेली हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं आणि दिवसभरात ते मला दोनदाच आठवलं.

मंगळवारी कळी उजवी पडली. ढोल वाजवत गाव भरलं. शीव ओलांडताना बैल आपोआप भराभर चालायला लागले. बाबांनी मेन स्विच चढवला, कोपऱ्यात राउटरचे दिवे एकेक करून लागले, आणि मी आंघोळही न करता लॅपटॉपसमोर बसले. मीनलचा एकच निरोप होता. तो मी तेव्हा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला होता आणि अजून जपून ठेवला आहे. ‘मीटिंगमध्ये तुझ्या जागी मीच बोलले. कोंबड्यांसकट सगळं सांगितलं. वरच्यांनी हसून विचारलं, ही गावातून काम करणार ते कधीपर्यंत? मी म्हटलं, ती चौकट आपण रिकामी ठेवू.’

बाबा ऐकत होते. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “सही केल्यान मां?”

केल्यान, मी म्हटलं, आणि मला जे रडू सोमवारी सड्यावर आलं नव्हतं ते तिथे, राउटरच्या हिरव्या दिव्यांसमोर आलं. बाबांनी चहाचं आधण ठेवलं आणि ते उतूही गेलं.

तर अशी ती मागची खेप. अजून मी सल्लेच लिहिते. अजूनही काही जेवणं पडद्यासमोर होतात, खोटं कशाला बोला. पण ती पन्नास मिनिटांची घंटा वाजली की मी आता उठून परसापर्यंत जाऊन येते, आणि बाबा ओसरीवरून समाधानाने बघतात. घंटा वाजली, गाडी हलली.

कालच्या त्या लाल अक्षरांपुढे हात टेकून मी शेवटी मीनलला फोन लावला. म्हटलं, पळण आली, तुझं कॅलेंडर काही ऐकत नाही. ती म्हणाली, ते मी बघते, मलाही माझ्या अर्जासाठी तोच मार्ग काढायचा आहे. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की ती येते आहे, पळणीला, आमच्या झोपडीत. काय काय आणू, असं ती विचारत होती. गादी, विजेरी, छत्री, डासांचं मलम? मी अंगणाकडे तोंड करून बाबांना विचारलं.

बाबांनी टोप उन्हाकडे धरून आतून बघितला. लख्ख निघाला होता. मग चिंचेचा चोथा बाजूला ठेवत ते म्हणाले, “तिका सांग, चार दिसांचे कपडे आण.”